नाश्त्यानंतर कुत्र्याचं पोट वारंवार बिघडतंय? कारण असं शोधा

तक्रार साधारण अशी असते. आठवड्यातून एकदा, बहुतेक वेळा रविवारी दुपारी नाहीतर सोमवारी सकाळी, कुत्र्याला उलटी होते किंवा शी पातळ होते. डॉक्टर औषध देतात, दोन दिवसांत गुण येतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "बाहेरचं काही खाल्लं का?" असं डॉक्टर विचारतात. घरचे अगदी मनापासून "नाही" म्हणतात. कांदेपोहे, उपमा, शिरा, मिसळीची पुसून काढलेली बशी हे कुणाच्याच हिशेबात "बाहेरचं" नसतं.

आणि नाश्त्याची शंका आलीच तर लगेच उत्तर तयार असतं: "अहो, गेली दोन वर्षं देतोय, काही होत नाही त्याला." या वाक्याने फार कुत्र्यांचा घात केलाय. नाश्त्यातले वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या वेळाने त्रास देतात. काही अर्ध्या तासात, काही दुसऱ्या दिवशी, काही चौथ्या-पाचव्या दिवशी. रविवारच्या कांद्याचा परिणाम गुरुवारी दिसला तर त्याची सांगड रविवारशी कोण घालणार? म्हणून "काय दिलं" या प्रश्नाआधी "त्रास किती वेळाने झाला" हे बघायला शिकलं पाहिजे.

आधी हे तपासा, मग पुढचं वाचा

या क्षणी तुमच्या कुत्र्याने मनुका, बेदाणे, द्राक्षं, बराच कांदा-लसूण, चॉकलेट, कॉफी पावडर किंवा शुगर-फ्री काही खाल्लं असेल तर वाचत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. खाऊन साधारण दोन तासांच्या आत असाल तर ते इंजेक्शन देऊन उलटी करवू शकतात. वेळ गेला की तो मार्ग बंद होतो. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा प्रयत्न अजिबात करू नका. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ अंगात राहतं आणि मूळ पदार्थापेक्षा तेच जिवावर बेततं. घशात बोटं घालणंही नको.

एरवीही काही खुणा दिसल्या की घरगुती उपाय बाजूला ठेवायचे: शीमध्ये किंवा उलटीत रक्त, पाणीसुद्धा पोटात न टिकणं, लघवी लालसर-तपकिरी होणं किंवा जवळजवळ बंद होणं, अडखळत चालणं, फिट येणं. पिल्लाला जुलाब झाले तर एक दिवसही थांबू नका. त्याच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं, आणि लसीकरण पूर्ण नसेल तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची शक्यता असतेच.

हिरड्या बघायची सवय आत्ताच, कुत्रा धडधाकट असताना लावून घ्या. वरचा ओठ हलकेच उचला, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. दाबल्यामुळे पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. आपल्या देशी कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांच्या हिरड्या काळ्या असतात, तिथे रंग कळत नाही. मग खालची पापणी अलगद ओढून आतली बाजू बघा. ती गुलाबी हवी. फिकट, पांढुरकी किंवा पिवळसर दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. नेहमीचा रंग माहीत असेल तरच बदललेला रंग ओळखू येतो, म्हणून ही सवय.

काही तासांतच त्रास होतो

हा सगळ्यात नेहमीचा आणि बहुतेक वेळा सगळ्यात कमी धोक्याचा प्रकार. दूध, तेल-तूप आणि तिखट हे यातले तीन मुख्य आरोपी.

पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवायची त्याची ताकद कमी होत जाते. काही मोठे कुत्रे वाटीभर दूध सहज पचवतात, काहींना दोन चमच्यांत जुलाब होतात. तुमचा कुत्रा दुसऱ्या प्रकारातला असेल तर दूध-पोळी, दुधातले कॉर्नफ्लेक्स आणि बशीतला चहा, तिन्ही एकदम बंद करा. साधं दही बहुतेकांना चालतं, कारण विरजताना ती साखर बरीच कमी होते. मीठ-मिरची घातलेलं किंवा फोडणीचं ताक मात्र नको.

तेलातुपाचं प्रकरण थोडं गंभीर आहे. वडे, पुऱ्या, मिसळीची तर्री, तुपात निथळणारा शिरा, लोण्याचा डोसा हे एकदम जास्त पोटात गेलं तर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. वारंवार उलट्या होतात, पोट दुखतं, आणि कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरून उभा राहतो. आळस देताना तो असाच वाकतो, पण तेव्हा क्षणभरच. दुखत असेल तर पुन्हा पुन्हा तसाच उभा राहतो. असं दिसलं तर दवाखाना. श्नॉझर जातीचे कुत्रे आणि वजन वाढलेले कुत्रे यांच्या बाबतीत विशेष जपा.

साबुदाण्याची खिचडी इथेच येते. उपासाची म्हणून तिच्यात कांदा-लसूण नसतो, त्यामुळे ती बिनधोक वाटते. विषारी ती नाहीच. पण दाण्याचं कूट, तूप आणि मिरची यांचा मारा पोटावर होतोच. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी नेमाने जुलाब होत असतील तर उत्तर सापडलं. आणखी एक: खवट किंवा बुरशी धरलेले शेंगदाणे "कुत्र्याला चालतील" म्हणून घालू नका. त्या बुरशीचं विष कुत्र्याचं यकृत निकामी करू शकतं.

अर्ध्या तासात गळून पडला, थरथरतोय

हे फार कमी वेळा होतं, पण यात मिनिटं मोजावी लागतात. झायलिटॉल नावाची गोडी काही शुगर-फ्री च्युइंगगममध्ये, परदेशातून आणलेल्या काही पीनट बटरमध्ये आणि काही टूथपेस्टमध्ये असते. माणसाला ती चालते. कुत्र्याच्या शरीरात ती गेली की इन्सुलिन एकदम उसळतं आणि रक्तातली साखर कोसळते. वजनाच्या दर किलोमागे 0.1 ग्रॅम एवढं त्यासाठी पुरतं. साधारण 0.5 ग्रॅमच्या पुढे यकृतालाच धोका असतो. टोस्टला लावायचं पीनट बटर कुत्र्याला चाटवणार असाल तर आधी बरणीवरची बारीक अक्षरं वाचा. घटकांमध्ये झायलिटॉल किंवा आयएनएस 967 लिहिलेलं असेल तर ती बरणी कुत्र्यापासून लांब ठेवायची.

चहा-कॉफीचा त्रासही त्याच दिवशी दिसतो: अस्वस्थपणा, धाप, छातीत धडधड, सारखी लघवी. वजनाच्या दर किलोमागे साधारण 20 मिलिग्रॅम कॅफीन गेलं की सुरुवात होते. इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात जवळपास 60 मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे तीन किलोच्या छोट्या कुत्र्याला तो एक चमचा पुरे. बशीतला दोन घोट दुधाळ चहा कॅफीनने त्रास देईलच असं नाही, पण साखर आणि दूध त्यात आहेच, आणि चहाची चटक लागलेला कुत्रा उद्या ओल्या कचऱ्याच्या डब्यातला चोथा उकरतो. चोथ्यात कॅफीन शिल्लक असतं. डब्याला घट्ट झाकण लावा.

दुसऱ्या दिवशी उलट्या, मग लघवी कमी

शिऱ्यातले बेदाणे. एवढ्याशा गोष्टीवर इतकं लिहितोय, कारण आपल्याकडे शिरा प्रसादाचा असतो आणि प्रसाद घरातल्या प्रत्येकाला दिला जातो, कुत्र्यालाही. त्यामागचं प्रेम मला कळतं. पण द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. साधारणपणे पहिल्या 24 तासांत उलट्या होतात, मग कुत्रा मलूल होतो, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडांचं काम ढासळतं. सुरक्षित प्रमाण कुठलं, हे कुणालाच ठरवता आलेलं नाही. एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा थोडक्यातच जातो.

असं का होतं याचा धागा बराच काळ सापडत नव्हता. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एका प्राणी-विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे हे आम्ल कमीजास्त असतं, त्यामुळे एकाला बाधलं आणि दुसऱ्याला नाही, याचा अर्थ लागतो. आपल्यासाठी यात महत्त्वाची गोष्ट अशी की हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची प्रकरणंही नोंदली गेली आहेत. तेव्हा इडली देताना ती सांबारात बुडवायची नाही, आणि चिंच-गुळाची चटणी लागलेली बशी चाटायला ठेवायची नाही. सांबारात कांदाही असतो, तो वेगळाच.

शिऱ्याशिवाय बेदाणे कुठे लपतात ते एकदा आठवून बघा: म्यूस्ली, फ्रूट केक, मोदकाचं सारण, नारळी भात, खीर. सणासुदीला उलट्या वाढत असतील तर त्या आठवड्यातलं गोडधोड आधी तपासा. घरात कुत्रा असेल तर प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे न घालता वरून काजूचे तुकडे लावणारे लोक मला माहीत आहेत. देवाला त्याचं वावडं नाही.

तीन-चार दिवसांनी मलूल, हिरड्या फिकट

आता कांदा. आपल्या नाश्त्यातला सगळ्यात मोठा धोका हाच, कारण तो बहुतेक सगळ्यात असतो आणि दिसेनासा होतो.

कांदा, लसूण, पातीचा कांदा या सगळ्यांतली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात. पेशी फुटत जातात आणि रक्त कमी होतं. हे एका रात्रीत होत नाही, त्यामुळे खुणा बऱ्याचदा तीन ते पाच दिवसांनी दिसतात: जिना चढायला नको वाटणं, थोडं चालून धाप लागणं, फिकट हिरड्या, गडद लघवी. शिजवल्याने, तळल्याने, वाळवल्याने विष कमी होत नाही. पावडर तर जास्त तीव्र असते, कारण पाणी गेलेलं असतं. म्हणजे कांदा-लसूण मसाला लावलेलं काहीही वर्ज्य. लसूण कांद्यापेक्षा कितीतरी तीव्र आहे. "लसूण दिला की गोचीड लागत नाही" हा सल्ला गावोगावी ऐकू येतो. कृपा करून तो पाळू नका.

प्रमाणाचा हिशेब घरच्या पोह्यांवर करून बघा. कुत्र्याच्या वजनाच्या 0.5 टक्के कांदा एकदम पोटात गेला की विषबाधेची शक्यता धरतात. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हे 50 ग्रॅम झाले, पाच किलोच्या पॉमेरेनियनसाठी 25. चार माणसांच्या कांदेपोह्यांना आपण दोन मध्यम कांदे घेतो, म्हणजे साधारण 200 ग्रॅम. एका बशीत 50 ग्रॅम आले. पॉमेरेनियनने अर्धी बशी फस्त केली की तो त्या रेषेवर पोहोचला. मोठा लॅब्राडॉर एका बशीने आजारी पडणार नाही, हे खरं. पण त्याला रोज थोडा थोडा मिळत असेल तर पेशींचं नुकसानही रोज थोडं थोडं होत राहतं, आणि वर्षानुवर्षं "काही होत नाही" म्हणणाऱ्या घरातल्या कुत्र्याचं हिमोग्लोबिन कमी निघतं.

यात एक मोठी गफलत होते. फिकट हिरड्या आणि गडद लघवी ही गोचीड तापाचीही लक्षणं आहेत, आणि महाराष्ट्रात गोचिडांची काही कमी नाही. कांद्याचा उल्लेख झाला नाही तर डॉक्टर साहजिकच गोचिडांकडे बघतील. उलट, पोह्यांवर खापर फोडून बसलात आणि ताप निघाला तर उपचाराला उशीर होईल. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगा. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की तांबड्या पेशीतला गोचीड तापाचा परजीवी आणि कांद्यामुळे पेशीत तयार झालेल्या गाठी, दोन्ही तिथेच शोधता येतात. फक्त बघणाऱ्याला काय शोधायचं ते माहीत हवं.

कारण नक्की कसं पकडायचं

कुत्रा या घडीला बरा असेल तर दोन आठवडे त्याचं नेहमीचं जेवण सोडून सगळं बंद. बिस्किट नाही, पोळीचा तुकडा नाही, साय नाही. त्रास थांबला तर कारण ताटात होतं. दोन आठवडे कडक पाळूनही पोट बिघडलं तर नाश्त्याला दोष देणं सोडा आणि जंत, गोचीड, रस्त्यावरचा उकिरडा, किंवा मुळात रोजच्या खाण्याचीच ॲलर्जी, या दिशेने डॉक्टरांबरोबर शोध घ्या.

त्रास थांबला असेल तर एक एक पदार्थ परत सुरू करा, दोन पदार्थांमध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या. अर्थात विषारी म्हणून वर सांगितलेलं काहीही "करून बघायला" द्यायचं नाही. हा प्रयोग दूध, दही, अंडं, इडली, फळं यांच्यापुरता.

फ्रीजवर एक कागद चिकटवा. काय दिलं, किती वाजता, कुणी दिलं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक घरांत एकच माणूस जास्त देत नाही. आजोबा चहाबरोबर दोन बिस्किटं देतात, मुलं डब्यातला सँडविच टेबलाखाली सरकवतात, कामाला येणाऱ्या मावशी पोळीचा तुकडा देतात, खाली वॉचमनकाका खारी देतात. प्रत्येकाला वाटतं आपण फक्त एवढंसंच दिलं. चार जणांची बेरीज कागदावर दिसली की भांडण न करता विषय मिटतो. आणि कुत्रा "उपाशीच असल्यासारखं बघतो" यावर निर्णय घेऊ नका, खासकरून लॅब असेल तर. 2016 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की साधारण एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये असा जनुकीय बदल असतो, ज्यामुळे त्यांचा खाण्याचा सोस वाढतो. त्याला भूक खरंच लागल्यासारखी वाटते, बिचाऱ्याचा त्यात काही दोष नाही. पण त्याचं पोट भरलेलं असतं.

मग द्यायचं काय

"कुत्रा मांसाहारी, त्याला धान्य म्हणजे विष" हे दुसरं टोक आहे, तेही खरं नाही. माणसाबरोबर राहता राहता कुत्र्याने पिठूळ पदार्थ पचवायची ताकद कमावली आहे. स्वीडनमधल्या 2013 च्या जनुकीय अभ्यासात लांडग्याच्या तुलनेत ती वाढल्याचं दिसलं. म्हणजे पोहे हा प्रश्न नाही, पोह्यांवरची फोडणी हा प्रश्न आहे. हळद, जिरं, कढीपत्ता यांनी काही बिघडत नाही. कांदा, मिरची, मीठ आणि तेल यांनी बिघडतं.

त्यामुळे उपाय अगदी सोपा आहे. पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवले की कढई तापवायच्या आधीच मूठभर बाजूला काढा. झाकून पाच मिनिटं वाफवा, गार करा, वाटलं तर चमचाभर दही घाला. उपम्यासाठी रवा भाजून झाला की दोन चमचे वेगळ्या भांड्यात नुसत्या पाण्यात शिजवा. इडलीचं पीठ मीठ घालायच्या आधी एका साच्यापुरतं काढून ठेवा. कच्चं आंबवलेलं पीठ मात्र चाटायला देऊ नका, ते पोटात जाऊनही फुगत राहतं. उकडलेलं अंडं बिनमिठाचं, केळ्याच्या दोन चकत्या, बिया काढलेली पपई, बिया काढलेलं सफरचंद, उकडलेला लाल भोपळा, नाचणीच्या भाकरीचा कोर, हे सगळं चालतं. फरसाण, पापड, लोणचं नाही. बिस्किट विषारी नाही, पण त्यात साखर आणि मैद्याशिवाय त्याच्या कामाचं काही नाही, आणि वजन वाढवायला ते पहिल्या नंबरावर असतं.

चालणाऱ्या गोष्टींनाही माप हवं. रोजच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांच्या आत वरचं खाणं, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात, म्हणजे वरच्या खाण्याला 60. मध्यम आकाराची एक इडली झाली की हा वाटा संपला. अनेकांना हे वाचून वाईट वाटेल, पण कुत्र्याला तुकडा मोठा आहे की छोटा याचं काही नसतं, हातातून मिळाला याचाच त्याला आनंद. एका इडलीचे बारा तुकडे होतात.

घरात सर्वांनी पाळावी अशी एकच व्यवस्था मला टिकताना दिसली आहे. फ्रीजमध्ये एक छोटा स्टीलचा डबा, त्यावर कुत्र्याचं नाव. सकाळी त्यात त्याचा दिवसभराचा वरचा वाटा तुकडे करून ठेवायचा. आजोबा, मुलं, मावशी, पाहुणे, ज्याला कुणाला त्याला भरवायचं असेल त्याने याच डब्यातून भरवायचं, स्वतःच्या बशीतून नाही. डबा रिकामा झाला की त्या दिवशीचं देणं संपलं. वॉचमनकाकांसाठी फिरायला जाताना त्यातलेच दोन तुकडे पुडीत बांधून न्या, आणि खारीच्या ऐवजी ते त्यांच्या हातात द्या.